नऊचे दोन

डेअरीतल्या लोकांनी हजेरीचं अंगठ्याचं मशीन आठ दिवसांत मारलं. कुणी ते फोडलं नाही की वायर तोडली नाही. येणारा-जाणारा प्रत्येकजण आधी तुपाच्या खोलीत डोकावून यायचा आणि मग अंगठा लावायचा, एवढंच. आठव्या दिवशी मशीन कुणालाच ओळखेना. त्याआधी ‘माझी कल्पना’ नावाची पिवळी पेटी भिंतीवर आली होती. सहा महिन्यांनी उघडली, तर आत एकच चिठ्ठी : ‘पेटीला कुलूप कशाला?’ मग रोज सकाळी रांगेत उभं राहून घोषणा द्यायचं फर्मान निघालं. सगळे उभे राहत, सगळ्यांचे ओठ हलत, आवाज मात्र एकट्या इंद्रजीत साहेबांचा येई. साहेब डेअरीचे मॅनेजर. घसा बसला तसा त्यांनीच तो कार्यक्रम बंद केला.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला असलेली ही डेअरी पुण्याच्या कंपनीनं घेतली, त्याला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत पुण्याहून आलेली एकही गोष्ट इथं रुजली नाही. माणसं भांडत नव्हती, संप करत नव्हती. ‘व्हय साहेब’ म्हणत आणि कालच्यासारखंच करत. भांडणाऱ्या माणसाला समजावता तरी येतं. मान डोलावणाऱ्याचं काय करायचं?

एचआरच्या वैजयंती मॅडम बदलून आल्या, तेव्हा त्यांनी आल्या आल्या काही बदललं नाही. महिनाभर त्या कॅन्टीनच्या कोपऱ्यात डबा खात नुसत्या बसल्या. आणि त्यांना दिसलं ते गुरुवारचं भजन.

दर गुरुवारी दोन पाळ्यांच्या मधे अर्धा तास कॅन्टीनमध्ये टाळ वाजत. मधोमध उभा राहणारा त्रिंबक, दूध तापवायच्या मशीनवर बावीस वर्षं काढलेला जुना माणूस. सुट्ट्या काढून तो गावोगावच्या सप्त्यांत कीर्तन करी, म्हणून लहानथोर सगळे त्याला बुवा म्हणत. गळा गोड, आणि सांगणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्या घरात डोकावून आलेत. कीर्तनात सांगणारा कधी एकटा नसतो. त्याची ओळ मागचे उचलतात तेव्हा ती ओळ होते. नाही उचलली तर तो नुसता एक माणूस, हातवारे करत उभा. त्रिंबकाची ओळ आजवर खाली पडली नव्हती.

डोक्यावरच्या जाळीच्या टोप्यांचंच घ्या. बायका त्या टोप्या घालत नव्हत्या. गजरा दबतो, पदर सुटतो, सतरा कारणं. साहेबांनी दंड लावून पाहिला. मग एका गुरुवारी त्रिंबक सहज बोलून गेला, “महाप्रसादाच्या कढईत केस सापडला तर वाढप्याला काय म्हनता? आन् हितं तर आपलं दूध तान्ह्या लेकराच्या तोंडात जातंय, बायांनो.” दुसऱ्या दिवशी एक डोकं उघडं नव्हतं.

मॅडमनी ही गोष्ट चन्नम्माकडून ऐकली. चन्नम्मा पिशव्या भरायच्या मशीनवर होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्रिंबकाला बोलावलं.

“बसा बुवा. चहा घेणार?”

“आमी दुधातली मानसं. च्याला न्हाय कसं म्हनू?”

“‘नवी दिशा’ म्हणून एक कार्यक्रम येतोय. प्रत्येकानं स्वतःला गुण द्यायचे. दहा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला दहापैकी. काम किती येतं, वेळ किती पाळता, नवं शिकायची तयारी किती. दुसऱ्या एका युनिटमध्ये काय झालं माहितीये? सगळ्यांनी सगळीकडे दहा लिहिले. शंभरपैकी शंभर! अशा कागदाचं मी काय करू?”

“भजी गुंडाळा.”

मॅडम हसल्या. “म्हणूनच तुम्हाला बोलावलं. लोकांनी प्रामाणिकपणे लिहायला हवं. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.”

त्रिंबकानं बशी खाली ठेवली. “ह्याच्यातनं कुनाचं वाकडं तर न्हाय हुनार?”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “कुणाला काय शिकवायचं ते यातून ठरेल. आणि कंत्राटातल्या दोघांना कायम करायचंय. ती नावंही यातूनच वर जातील.”

एवढं ऐकलं आणि त्रिंबकाच्या डोळ्यांपुढं गोजरबाई आली.

गोजरबाई त्याच्याच गावची, उजनीच्या पाण्याकाठची. नवरा गेल्यावर त्यानंच तिला सोलापुरात आणून डेअरीत चिकटवलं, त्याला चौदा वर्षं झाली. चौदाही वर्षं कंत्राटातच. ती दूध उतरवायच्या फलाटावर असे. कॅनचं झाकण उघडलं की ती नाक पुढं न्यायची, अर्धा श्वास घ्यायची आणि म्हणायची ‘घे’, नाहीतर ‘ठेव बाजूला’. आतल्या प्रयोगशाळेत पाव तासानं तेच उत्तर निघायचं. एकदा चांगलं ताजं दूध तिनं बाजूला ठेवायला लावलं. गवळी भांडायला उठला, तर म्हणाली, “म्हशीला औषद चालू हाय का न्हाय, ते सांग आधी.” गवळ्यानं कान धरले.

तिला कायम व्हायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. दर वर्षी ठेकेदार बदलला की ती पुन्हा नवी होई. चौदा वर्षं राबलेली बाई, आणि दर चैत्रात तिला विचारत, ‘आधी कुठं काम केलंय?’

बुधवारी कागद वाटले गेले. गोजरबाई तो घेऊन त्रिंबकाच्या मशीनपाशी आली.

“बुवा, वासाच्या कामाला किती लिवू?”

“तुला काय वाटतं?”

तिनं नीट विचार केला. “नऊ. धा न्हाय. सर्दी झाली की मला कळत न्हाय.”

“मग नऊ लिव की. खरं हाय ते.”

“कायमचं ह्याच्यावर हाय म्हनत्यात.”

“तुझं नाव पयलं आसंल, बघ,” त्रिंबक म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

गुरुवारी कॅन्टीन कधी नव्हे इतकं भरलं. दोन्ही पाळ्या एकत्र, मॅडम दाराशी, इंद्रजीत साहेब खुर्चीवर. त्रिंबकाच्या छातीवर पिवळा बिल्ला लावला होता : ‘परिवर्तन दूत’. प्रत्येकाच्या मांडीवर आपापला भरलेला कागद. भजन झालं की गोळा करायचे होते.

त्रिंबकानं सुरुवात चांगली केली. खोटं लिहू नका, म्हणाला. मग त्याला दृष्टांत सुचला.

“कॅन वतला की समद्यात वर काय येतं?”

“फेस!” सगळे ओरडले.

“आन् मापात फेस धरत्यात का?”

“न्हाय!”

“मग जो सोताला धा देतो, त्यो दूध का फेस?”

“फेस!”

मागून दिपकचा आवाज आला. दिपक प्रयोगशाळेत होता, बुद्धनगरचा, भजनात टाळ कधी धरत नसे पण ऐकायला हटकून येई. “बुवा, साय पण वरच येते की!”

हशा पिकला. त्रिंबक थांबला, टाळ खाली घेतला, आणि हसू ओसरू दिलं. मग म्हणाला, “येती की. पर साय गप बसून येती. फेसावानी फसफस करत न्हाय!”

आता जो हशा उठला त्यानं पत्रा हादरला. साहेब मांडीवर थाप मारून हसले. ज्यानं कधी उभं राहून सांगितलंय त्यालाच कळेल, तो हशा कसा चढतो. दुधाला ऊत येतो तसा. मग गॅस बारीक करायचं भान राहत नाही. त्रिंबकाला आणखी एक हवा होता. पुढच्या रांगेत गोजरबाई बसली होती, आणि तिच्या मांडीवरचा कागद त्याला वाचता येत होता.

“आवो, ह्या बघा आमच्या गोजराक्का! नऊ लिवलेत, नऊ! आगं, नाक हाय का नवग्रहाचं देऊळ?”

कॅन्टीन कोसळलं. चन्नम्मानं “अय्यो, अय्यो” करत गोजरबाईच्या पाठीत थापटी मारली. गोजरबाईही आधी हसली. मग तिनं त्रिंबकाकडं पाहिलं. तो हसतच होता. तिनं शेजारणीचं पेन घेतलं, नऊवर काट मारली, शेजारी आकडा लिहिला आणि कागद वर धरला.

“दोन केलं, बुवा.”

“वा! ह्याला म्हनत्यात माउली! टाळ्या वाजवा!”

टाळ्या वाजल्या. आणि मग जे सुरू झालं ते कुणाला आवरलं नाही. देवापुढं आपण सगळ्यात लहान, हे ज्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालंय त्यांची ती चढाओढ होती, खाली जायची. “बुवा, माझं एक!” “मी समदीकडं एक लिवलं!” “माझा शून्य घ्या बुवा!” “आरं, शून्याला चौकट न्हाय.” “मग काडतो की चौकट!” पेनं या हातातून त्या हातात फिरत होती. गोजरबाईनं खालच्या नऊ प्रश्नांचे आकडेही दुरुस्त केले, एकेक करून, शांतपणे.

“दिपकराव, तुमचं किती?” त्रिंबकानं विचारलं.

“काम किती येतं, त्याला आठ.”

“आरं आरं! आहंकार!”

“अहंकार नाही बुवा. दोन गोष्टी मला येत नाहीत, म्हणून आठ. देवापुढं वाका की, कोण नको म्हणतंय? हा कागद पुण्याला जाणार आहे.”

“बसा खाली, साय!” कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा. दिपक कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून निघून गेला.

तासाभरानं मॅडमनी त्रिंबकाला आत बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. “बुवा, पाच वर्षांत पहिल्यांदा शंभर टक्के लोकांनी कागद भरले. काटछाट केलीय, म्हणजे विचार केलाय लोकांनी. तुम्ही काय केलंत, तुम्हाला माहीत नाही.”

मग त्यांनी त्रिंबकाचा कागद पुढं सरकवला. तो भरलेला होता. दहा चौकटींत दहा दहा.

“आवो मॅडम, हे काय? मला पामराला...”

“दूताचे गुण कमी दिसले तर वर तुमचं कोण ऐकेल? सही करा.”

त्रिंबकानं आणखी एकदा ‘नगं’ म्हटलं. पण दहांची ती सरळ उतरलेली ओळ बघायला बरी वाटत होती. बावीस वर्षांत कुणी त्याला असं लिहून दिलं नव्हतं. त्यानं सही केली. बाहेर चन्नम्मानं विचारलं, “तुमचं किती हो बुवा?” तर तो म्हणाला, “मला कोन इचारतंय, बाई,” आणि चालू लागला.

तीन आठवड्यांनी फळ्यावर यादी लागली. वरून खाली, गुणांप्रमाणे. बरीच खाली एक लाल रेघ. रेघेच्या खाली अकरा नावं आणि तळाशी दोन ओळी : स्वतःच्या मूल्यमापनानुसार अपेक्षित पातळी न गाठलेल्या खालील कर्मचाऱ्यांची सेवा महिनाअखेर थांबवण्यात येत आहे. गेटपास जमा करावेत.

अकराही भजनातले. चन्नम्मा अठरा गुण. गोजरबाई एकवीस. कायम झालेल्या दोघांची नावं बाजूच्या कागदावर होती. त्यातला एक क्रेट धुणारा. त्यानं त्या गुरुवारी भजनाला दांडी मारून डोळे मिटून सगळीकडे दहा लिहिले होते.

आणि सगळ्यात वर, पहिलं नाव : त्रिंबक. शंभर.

फळ्यापुढं कुणी ओरडलं नाही. चन्नम्मानं बोट वरच्या ओळीवर ठेवलं, पुन्हा खाली आणलं, पुन्हा वर नेलं, जणू मधली नावं मोजून तिला अंतर काढायचं होतं. “शंभर,” ती म्हणाली. मग त्रिंबक येताना दिसला तशी गर्दी दुभंगली. त्याला वाट दिली. नेहमी द्यायचे तशीच.

तो यादी वाचून थेट मॅडमकडं गेला.

“मॅडम, ह्ये चुकलंय. लोकांनी खरं न्हाय लिवलं. ती नम्रता हुती. आमच्यात म्हनत्यात तसं. मी धाकला, मला काय कळतं, आसं. त्याचा आरथ काम येत न्हाय आसा न्हाय हुत.”

“मी त्यांना प्रामाणिकपणे लिहा म्हटलं होतं, बुवा. तुमच्याच तोंडून.”

“गोजरबाईसारकं नाक ह्या जिल्ह्यात न्हाय!”

“तिनं दोन लिहिलेत. आधी नऊ होते, ते तिनंच खोडलेत. कुणी हात धरला होता का?”

“मला काडा. तिला ठिवा.”

“तुम्हाला कसं काढू? तुमचे शंभर आहेत. शंभरवाल्याला काढलं तर या सगळ्या मोजणीला काय अर्थ राहिला?” मॅडम रागावल्या नव्हत्या. आजाऱ्याशी बोलावं तशा बोलत होत्या. “आणि एक लक्षात घ्या. अकरा जागा कमी करायच्या हे आधीच ठरलं होतं. प्रश्न होता तो आरडाओरड न होता कसं करायचं. दुसऱ्या युनिटमध्ये दगड पडले. इथं एक काच फुटली नाही, कारण प्रत्येकानं स्वतःचा आकडा स्वतः लिहिलाय. जागा आम्ही कमी केल्या, बुवा. नावं तुम्ही दिलीत.”

महिना संपला. त्यानंतरच्या रविवारी त्रिंबक विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, गोजरबाईच्या खोलीवर गेला. दार उघडं होतं. ती शेजारणीकडून तेंदूची पानं कापायला शिकत होती. त्याला पाहून तिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं.

“दुसरीकडं बगितलंस का?”

“दोन डेऱ्या हिंडले. दाखला मागत्यात.” तिनं ट्रंकेतून कागद काढून त्याच्यापुढं धरला. कंपनीचं नाव, शिक्का, इंद्रजीत साहेबांची सही. खाली छापलेलं : दुधाचा वास व प्रत ओळखणे, दहापैकी दोन. “तितला साहेब म्हनला, मावशी, तुमीच तुमाला दोन दिलेत, मी काय देऊ? म्हनलं एक कॅन उगडा, सांगते. हसला त्यो.”

त्रिंबकानं दाखला घडी घालून तिला परत दिला. माफी मागायचे शब्द त्याच्याजवळ पुष्कळ होते; आयुष्यभर तेच तर गायला होता.

“बुवा, एक इचारू? खरं सांगा.”

“इचार.”

“त्या दिवशी समदे हसले माझ्यावर. तवा तुमाला बरं वाटलं का?”

शेजारीण कात्री चालवायची थांबली.

“व्हय,” तो म्हणाला.

“हां.” गोजरबाईनं मान हलवली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि ते ऐकून काही बरं वाटलं नाही. “मग आता येक करा. जसं समद्यांम्होरं हसवलं तसंच समद्यांम्होरं सांगा. साहेब आसतील तवा. की ह्या बाईनं नऊ लिवलं हुतं आन् मी तिची चेष्टा करून खोडाय लावलं. मंजे साहेब दाखला बदलून देतील. नोकरी नगं मला तितली. निस्ता दाखला नीट पायजे.”

“सांगतो. देवाशपथ सांगतो.”

“देवाला ठिवा बाजूला,” ती म्हणाली. “साहेबाला सांगा.”

गुरुवार आला. कॅन्टीन भरलं होतं; आता भजनाला हजेरी लागत होती. राहिलेल्या लोकांनी टाळ अगदी जोरात धरले होते. रेघ पुन्हा कधी आणि कुठं ओढली जाईल, हे कुणाला ठाऊक होतं? मॅडमनी मोबाईल तिवईवर लावला होता. इंद्रजीत साहेब खुर्चीवर.

त्रिंबकानं भजन म्हटलं नाही. बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

“आज निरूपन न्हाय. आज मला कबूल करायचंय. मी पापी हाय.”

“आहाहा,” मागून कुणी उसासा टाकला.

“ऐका. ह्या हातानं मी शंभरावर सही केली. तुमाला म्हनलं लहान व्हा, आन् मी मोठा झालो. अकरा घरं मी बुडवली.”

“वा बुवा!” साहेब हळूच म्हणाले. एका टाळानं ठेका धरला. मग दुसऱ्यानं.

“टाळ थांबवा! मी आभंग सांगत न्हाय! मी खरंच पापी हाय, आयका की!”

“मी पापी,” मागच्या रांगेनं ओळ उचलली. आवाज भरून आला. “मी पापी, मी पापी.” पुढच्या रांगेनं झेलली. त्रिंबकाची ओळ खाली पडू द्यायची कुणाला सवय नव्हती.

“आरं थांबा! ही चाल न्हाय!” तो ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पाहून बायकाही रडू लागल्या. टाळ चढले. तो गोजरबाईचं नाव घेत होता, नऊ म्हणत होता, चेष्टा म्हणत होता, आणि प्रत्येक शब्दामागं पन्नास माणसं ‘मी पापी’ म्हणत त्याला उचलून धरत होती. गळा फाटेपर्यंत तो बोलला. जेवढा बोलला, तेवढा गजर वाढला.

टाळ थांबले तेव्हा तो साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. “साहेब, गोजरबाईचा दाखला बदलून द्या. दोन न्हाय, नऊ हाय ते. मी खोडाय लावलं. माझा दोष हाय.”

साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. “काय मन आहे बुवा तुमचं! दुसऱ्याची चूक अंगावर घेता. असा माणूस शोधून सापडायचा नाही.” आणि ते वाकले. मॅनेजर माणूस, सगळ्यांदेखत त्रिंबकाच्या पाया पडला.

मग रांगच लागली. एकेकजण येई, पायांवर डोकं ठेवी, पुढं सरके. त्रिंबक पाय मागं घेई, तर लोक गुडघ्यांवर पुढं सरकत. रांगेच्या शेवटी दिपक होता. तो वाकला नाही.

“दाखल्यासाठी मी साहेबांना लिहून देतो,” तो म्हणाला. “प्रयोगशाळेचे जुने आकडे आहेत माझ्याकडे. उपयोग होईल असं वाटत नाही.”

“तुला पटलं का, मी काय बोललो ते?”

“पटलं. सगळं तुम्हीच केलंत.” दिपकनं ते शांतपणे सांगितलं. “म्हणून पाया पडत नाही.”

त्या गर्दीत तेवढं एकच वाक्य त्रिंबकाला धरून उभं राहता येईल असं होतं. पण दिपकची पाळी सुरू झाली होती, आता त्याला तिघांचं काम होतं, आणि तो निघून गेला.

मॅडम तिवईवरून मोबाईल काढत होत्या. “बुवा, पुढचा कार्यक्रम कुर्डुवाडीच्या युनिटला. मग करमाळा. सोमवारी गाडी पाठवते.”

“मी येनार न्हाय.” त्रिंबकाला वाटलं, आज दिवसभरात आपण एवढं तरी नीट बोललो. “परत ह्ये माझ्या तोंडून हुनार न्हाय, मॅडम.”

“नका येऊ. दमलाय तुम्ही.” त्या मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवत होत्या. “हे पुरेसं आहे. किती मनापासून बोललात! तिथल्या लोकांनी कागद भरायच्या आधी एवढं बघितलं तरी झालं.”

नीट आलंय का पाहायला त्यांनी ते तिथंच लावलं. छोट्याशा पडद्यातून त्रिंबकाचा आवाज निघाला, मी पापी हाय, मी पापी हाय, आणि मागून पन्नास माणसांनी ती ओळ झेलली. दाराशी दुसऱ्या पाळीच्या बायका येऊन थांबल्या होत्या. आत कीर्तन चाललंय असं वाटून त्यांनी बाहेरच चपला काढल्या आणि हात जोडले.